पिवळं पान दिसू नये

ती झाडं पुसायची. तिच्या कामाला याहून भारदस्त नाव कधी मिळालं नाही. ऑफिसं, दवाखाने, बँका यांना कुंड्या भाड्यानं देणारी एक नर्सरी होती. तिथे ती तरुणपणी लागली आणि केस पांढरे होईपर्यंत राहिली. खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याचा फवारा, जुन्या सुती कपड्यांची फडकी, एक बोथट कात्री. हातात लांब नळीची झारी. बंद काचांच्या इमारतींतून ती मजल्यामागून मजला फिरायची. मातीत बोट खुपसून ओल बघायची. एक हात पानाखाली धरून दुसऱ्या हातानं ते पुसायची, तापलेल्या लेकराचं कपाळ पुसावं तसं. आणि जाताना प्रत्येक कुंडी थोडी फिरवून ठेवायची, कारण फिरवली नाही तर झाड उजेडाकडे वाकतं आणि मग जन्माचं वाकडं होतं.

सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या वयाचेही, तिच्याहून मोठेही. निवृत्तीला टेकलेल्या एका हिशेबनिसानं तिला अशीच हाक मारली आणि मग स्वतःच ओशाळून म्हणाला, खरी मावशी असती तर आज शंभरीच्या घरात असती. ती म्हणाली, मग पाया पडा की. कुंडीत उरलेला चहा ओतणाऱ्यांना ती रागवायची. झाडांना चहा पाजू नका, रात्री मला येऊन जागवतात, असं म्हणायची, आणि म्हणताना चेहरा इतका सरळ ठेवायची की नवी माणसं कप मागे घ्यायची.

फडक्यावरून तिला खोली कळायची. छापखान्याच्या ऑफिसातून फडकं काळं निघायचं, दवाखान्यातून राखाडी, आणि जिथे माणसं दिवसभर एकमेकांवर दात धरून बसायची त्या विम्याच्या ऑफिसातून चिकट.

नर्सरीचा एकच नियम कडक होता. गिऱ्हाइकाला पिवळं पान दिसता कामा नये. पान पिवळं पडायला लागलं, टोक करपलं, की ते झाड उचलायचं आणि त्याच जातीचं, त्याच उंचीचं दुसरं तिथे ठेवायचं. उचललेलं झाड नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली जाई, ऊनवारा खाई, अंग धरी आणि पुन्हा कुठल्या तरी कोपऱ्यात कामावर रुजू होई. नर्सरीत याला सगळे माहेरपण म्हणत. गिऱ्हाइकाला वाटे, आपलं झाड वर्षानुवर्षं तेच आहे. एक साहेब तर पाहुण्यांना अभिमानानं दाखवायचे की बघा, आमच्याकडे झाडांना फार मानवतं. मावशी तेव्हा खाली बसून कुंडीखालच्या बशीतलं पाणी टिपत असायची. साहेब ज्या झाडावर हात ठेवून उभे असत, ते त्या जागेवरचं कितवं होतं हे तिलाही आठवत नसे.

एका उंच इमारतीत, झेरॉक्स मशीनच्या शेजारी, एक टेबल होतं. तिथे झाड टिकत नसे. स्पायडर प्लांट ठेवा, पीस लिली ठेवा, कशानंही न मरणारं मनी प्लांट ठेवा, पंधरवड्यात टोकं तपकिरी. ऑफिसातली पोरं म्हणायची, मावशी, ते टेबल झाडं खातं. त्या टेबलावर एक अबोल टायपिस्ट बसायची, कपाळावर सतत दोन बोटं दाबून. मावशी न चुकता झाड बदलत राहिली. टेबल नेहमी हिरवं दिसलं. एक दिवस टायपिस्ट यायची थांबली. कुणी म्हणालं नोकरी सोडली, कुणी म्हणालं अंथरुणाला खिळली. तिच्या जागी दुसरी मुलगी आली आणि काही आठवड्यांनी तिचीही दोन बोटं कपाळावर गेली. मावशीला ते दिसलं. पण तिच्या हातात झाड होतं, खोली नव्हती.

नवीन गिऱ्हाइकाला सांगायचं एक वाक्य मालकानं तिला पढवलं होतं. ही नुसती शोभा नाही, ही झाडं हवेतलं विष ओढून घेतात. रंगाचं, फर्निचरचं, मशीनचं, सगळं. एखादं वाक्य माणूस वर्षानुवर्षं बोलत राहिला की ते आधी जिभेला पाठ होतं आणि मग हाडांत उतरतं. तिच्या हाडांत ते उतरलं तेव्हा तिचा नवरा आजारी पडला.

तो रंगारी होता. कपाटं, पलंग, दुकानांच्या फळ्या यांना स्प्रेनं रंग मारायचा. त्याच्यासारखी सरळ कड कुणाची यायची नाही. जिथे रंग नको तिथे कागदी पट्टी चिकटवायची, रंग मारायचा, पट्टी काढायची, आणि खाली ब्लेडनं कापल्यासारखी रेघ. तोंडाला कधी रुमाल बांधला, कधी नाही. उन्हाळ्यात बहुतेक नाहीच. घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर त्या दिवसाचा रंग असायचा, आणि मुलगी लहान असताना दारातूनच ओरडायची, आई, आज बाबा निळे.

म्हातारपणाच्या आधीच त्याचा दम गेला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं की जे गेलं ते गेलं, उरलंय ते जपा. धूळ टाळा, ओल टाळा, हवा खेळती ठेवा. नवरा-बायको दोघांनी मान डोलावली. पण नेमकी त्याच वेळी त्यांच्या खिडकीसमोर इमारत उभी राहायला लागली.

घर तळमजल्यावर होतं. एक खोली, आत स्वयंपाकाची जागा, बाजूला न्हाणीघर. खोलीला एकच खिडकी, ती मागच्या गल्लीत उघडायची. लोखंडी गज, आणि बाहेर उघडणाऱ्या, लाकडी चौकटीच्या काचेच्या दोन झडपा. त्या खिडकीखालीच रंगाऱ्याची खाट होती. बांधकाम सुरू झालं तसा सिमेंटचा भुगा आत येऊ लागला. पाण्याच्या पेल्यावर साय धरायची, उशीवर त्याच्या डोक्याचा आकार उमटायचा. तिनं झडपा लावून घेतल्या. तरी फटींतून येतच राहिलं. मग तिनं नर्सरीतून दुधी रंगाचं जाड प्लॅस्टिक आणलं आणि आतून सगळी खिडकी झाकून चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या.

खोलीतला उजेड पातळ झाला, ताकासारखा. आणि मग तिनं झाडं आणली.

आधी दोन. खाटेच्या उशाला अरेका पाम, पायथ्याला स्नेक प्लांट. पहिल्या आठवड्यात त्याचा खोकला कमी झाला. भुगा आत यायचा थांबल्यामुळे तो कमी झाला असणार, पण तिनं त्याचं श्रेय झाडांना दिलं. पुढच्या वेळी डॉक्टरांना तिनं हे आनंदानं सांगितलं. डॉक्टर हसले. म्हणाले, बाई, झाडांनी खोलीची हवा साफ व्हायची तर आत जंगल लावावं लागेल, आणि मग माणसाला जागा उरणार नाही, त्यापेक्षा खिडकी उघडा. त्या वाक्याचा अर्धाच भाग तिनं घरी नेला. कमी पडतायत, एवढाच.

जाळीखालून माहेरपण संपवून निघालेली झाडं आता आधी तिच्या घरी येऊ लागली. मालक काही म्हणायचा नाही, झाडं तिच्याइतकी कुणी सांभाळत नव्हतं. रबर प्लांट आला, पीस लिली आल्या, भिंतीवर मनी प्लांट चढलं आणि छतापाशी जाऊन वळलं. पंखा लावायचा नाही, पानं सुकतात. दार उघडं ठेवायचं नाही, आतली धुतलेली हवा बाहेर जाते. दिवसातून दोनदा फवारा. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, तुमच्या घरात माणसं दोन आणि कुंड्या वरातीएवढ्या, जेवायला कुठे बसता? मावशी म्हणाली, आम्ही जेवत नाही, आम्हाला पाणी घालतात. शेजारीण हसली, पण आत आली नाही. आत यायला आता तिला आवडत नसे. ओल्या मातीचा वास दारातच छातीवर हात ठेवायचा.

बाहेर इमारत पुरी झाली. भुगा थांबला. गल्लीत तळाला दुकानं उघडली. प्लॅस्टिक काढायचं मात्र मावशीच्या मनात आलं नाही. चाललंय ते चांगलं चाललंय, असं तिला वाटत होतं. रोज संध्याकाळी ती आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायची, आज बरं आहे ना? रंगारी उशीला टेकून बसलेला असायचा, हात मांडीवर, ओठ मिटलेले. म्हणायचा, बरं आहे. मग ती फडकं काढून पानं पुसायची. फडकं पांढरंच राहायचं. इतक्या वर्षांत कुठल्याच खोलीनं तिला पांढरं फडकं दिलं नव्हतं. ती ते ऑफिसात नेऊन दाखवायची. माझ्या नवऱ्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, बघा, झाडांवर जगतोय.

पिवळं पान घरातही दिसायचं. सुरुवातीला क्वचित, मग वरचेवर. अरेकाची टोकं जळायची, लिलीची पानं देठाशी मऊ पडायची, मुळाशी कुजल्याचा वास यायचा. तिचा हात विचार न करता चालायचा. उचल, जाळीखाली ने, टवटवीत आण. खोली कायम हिरवी राहिली.

एक गोष्ट तिला समजत नव्हती. झाडं वाकत होती. खोलीत उजेडच जेमतेम, तोही खिडकीभर सारखा पसरलेला, तरी सगळी एकाच कोपऱ्याकडे. खाटेच्या उशाकडे. सुट्टीच्या दिवशी ती एकेक कुंडी फिरवून तोंडं भिंतीकडे करायची. पुढच्या सुट्टीपर्यंत ती सावकाश परत फिरलेली असायची. रबर प्लांटची जाड पानं, पामचे पंजे, मनी प्लांटचे लहान लहान चेहरे, सगळे आजाऱ्याभोवती जमलेल्या नातेवाइकांसारखे त्याच्याकडे झुकलेले. ती हे त्याला सांगायची तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा. म्हणायचा, मला ओळखतात आता ती.

मुलगी दुसऱ्या गावी राहत होती. तिचं घर वरच्या मजल्यावर होतं, पुढे मोकळं मैदान, तिन्ही बाजूंनी वारा. ती कधीची म्हणत होती की बाबांना माझ्याकडे पाठव. एकदा आली तेव्हा खोलीत पाऊल टाकताच तिला ठसका लागला. आई, हे घर आहे की विहीर, असं तिनं विचारलं. त्यावरून दोघींचं वाजलं. मावशीचं म्हणणं, तुझ्या मैदानावरची धूळ यांना दोन दिवसांत संपवेल. मुलीचं म्हणणं, तुला यांना बरं करायचंय की तुझं खरं करायचंय? शेवटी दोघी त्याच्याकडे वळल्या. तो एकदा बायकोकडे बघून म्हणाला, मी इथंच बरा आहे. मुलगी रडत गेली. जाताना आईला म्हणाली की महिनाअखेर जावयाची गाडी घेऊन येते, तोपर्यंत यांना नीट विचार, माझ्यासमोर नको, एकटीनं विचार. मावशीनं विचारलं. उत्तर तेच आलं.

गल्लीतल्या एका दुकानात शिवणकाम करणारी बाई होती. बडबडी, तोंडात टाचण्या धरूनही बोलायची. मावशी तिच्याकडून सुती चिंध्या न्यायची. एकदा चिंध्या पिशवीत भरताना शिंपीणबाईनं विचारलं, ती समोरची झाकलेली खिडकी कुणाची? मावशी म्हणाली, आमचीच. बाईनं मशीन थांबवलं.

"एक सांगू? रागावू नका हं. दुपारी त्या खिडकीत तोंड दिसतं."

"तोंड म्हणजे?"

"नुसतं तोंड. चेहरा नाही, डोळे नाहीत. ओठ आणि आतला अंधार. उघडतं, मिटतं. मासळीचं असतं ना, तसं. मी तर आता मशीनची दिशाच बदलून बसते."

मावशी म्हणाली की आतून झाडांची पानं टेकत असतील, प्लॅस्टिकवर सावल्या पडतात. बाई म्हणाली, असेल. आणि टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या. मावशी घरी आली, खिडकीसमोर उभी राहिली. प्लॅस्टिक सपाट, कडा चिकटलेल्या, कोपऱ्यात पामची पानं दाटलेली. तिनं फडक्यानं प्लॅस्टिक पुसून घेतलं. खाटेवरून तो तिच्या हाताकडे बघत होता, पापणी न हलवता. आज बरं आहे ना, असं तिनं पुन्हा एकदा विचारलं. त्या दिवशी दुसऱ्यांदा.

महिनाअखेर जवळ आली. मुलगी यायच्या आदल्या दिवशी ती ज्या इमारतीत जायची तिथली वीज गेली, लिफ्ट बंद पडली आणि सगळ्यांना घरी सोडलं. ती भर दुपारी घरी आली. इतक्या वर्षांत ती या वेळी कधी आली नव्हती. किल्लीनं दार उघडलं. खाट रिकामी होती. न्हाणीघराचं दार लावलेलं, आत बादलीत नळ चालू.

आणि खोली श्वास घेत होती.

तो आवाज तिला ओळखीचा वाटला. आत ओढल्याचा, मग थोडं थांबल्याचा, मग सोडल्याचा. तिनं खाटेकडे पुन्हा बघितलं. चादर सपाट होती. नळ चालूच होता. आणि उशाच्या कोपऱ्यातली पानं हलत होती. आधी पामची, मग रबराची, मग भिंतीवरच्या वेलीची, एकामागून एक, आवाजाच्या तालावर. आत. बाहेर. पंखा बंद, दार तिनं मागे लोटलेलं. कुठून वारा येणार?

भीती वाटायच्या आधी तिला आनंद झाला. हे नंतर तिनंच मुलीला सांगितलं. तिला वाटलं, काम करतायत. मी गेले की ही असं काम करतात. ती हातातली झारी छातीशी धरून, एखाद्या देवळात चुकून आत आल्यासारखी उभी राहिली. मग नाकाला वास लागला. तापलेल्या इस्त्रीचा, साबणाचा, उन्हात वाळणाऱ्या कपड्यांचा. तो वास तिच्या खोलीतला नव्हता.

तिनं पामची कुंडी बाजूला ओढली.

दुधी प्लॅस्टिक फुगत होतं आणि गजांना चिकटत होतं. खालच्या कोपऱ्यात त्याला एक चीर होती, वीतभर, ब्लेडनं सरळ कापलेली. चिरेच्या वरच्या कडेला कागदी पट्टी लोंबत होती, रंगाऱ्यांची. खाली ओढून बसवली की चीर अशी झाकली जायची की रोज फडकं फिरवणाऱ्या हातालाही लागू नये. पलीकडची झडप त्यानं कडी काढून बाहेर ढकलून ठेवली होती. तेवढ्या पट्टीतून स्वच्छ उजेड येत होता आणि खोलीतलं प्रत्येक पान त्याच्याकडे वळलेलं होतं.

खाट आणि भिंत यांच्यामध्ये, कुंड्या सरकवून, एका माणसापुरती जागा केलेली होती. जमिनीवर घडी घातलेलं पोतं. पोत्यात गुडघ्यांचे दोन खळगे.

ती त्या खळग्यांत गुडघे टेकून बसली. चीर बरोबर तोंडासमोर आली. कडेचं प्लॅस्टिक पिवळट, मऊ झालेलं होतं. तिनं तोंड लावलं. गल्लीतली हवा आत आली, साधी, थोडी धुळकट, गार. तिची छाती आपोआप मोठी झाली आणि तेव्हा तिला कळलं की या घरात ती स्वतः कधीपासून अर्धाच श्वास घेत होती. समोर शिवणाचं मशीन घरघरत होतं. ते थांबलं. तिनं चिरेला डोळा लावला. शिंपीणबाई मान वळवून तिच्याकडेच बघत होती.

मागे न्हाणीघराचं दार वाजलं. रंगारी भिंतीला हात लावून उभा होता. त्यानं तिला पोत्यावर बसलेली बघितलं.  तो तिथेच खाटेच्या कडेवर बसला, जसा चोर पकडल्यावर बसतो.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"थंडीत केली चीर."

"म्हणजे मी जाते, आणि तुम्ही दिवसभर इथे गुडघ्यांवर."

"दिवसभर नाही. दमतो मधेच. मग पडतो."

"आणि मला रोज सांगत होतात बरं आहे."

तो थांबून थांबून बोलत होता. एवढं बोलल्यावर त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तिनं आणखी विचारू नये म्हणून त्यानं हात वर केला, मग तोच हात खाली आणून म्हणाला, "अगं, त्या टायपिस्टचं सांगत होतीस ना. किती दिवस जेवली नव्हतीस नीट. म्हणायचीस, एकही खोली माझ्या हातानं बरी होत नाही. ही खोली झाली असं तुला वाटलं. मी कसा नाही म्हणू?"

"नाही म्हणायला काय झालं होतं?"

"तू विचारायचीसच तशी."

ती उठली. चिरेत दोन बोटं घातली आणि प्लॅस्टिक ओढलं. चिकटपट्टी भिंतीचा रंग घेऊन सुटली. वरची कड हाताला येईना, तेव्हा ती खाटेवर चढली. मनी प्लांटची वेल मधे येत होती, ती तिनं तोडली. त्या हातांनी आजवर कधी हिरवी वेल तोडली नव्हती. प्लॅस्टिक खाली आलं, आणि उशामागची भिंत उघडी पडली. ती काळी होती. कुंड्यांच्या मागून, पानांच्या आडून, जमिनीपासून उशीच्या उंचीपर्यंत बुरशी चढली होती, मखमलीसारखी, मधे मधे पांढरी फुलं आलेली. तिनं बोट लावलं. बोटाला काळं लागलं.

झाडं तिनं किती वेळा बदलली होती. या खोलीनं तिला पहिल्या महिन्यापासून सांगितलं होतं, करपलेल्या टोकांनी, कुजलेल्या मुळांनी, आणि तिनं प्रत्येक वेळी सांगणाऱ्याला उचलून बाहेर नेलं होतं. मग जागेवर नवीन हिरवा गप्प माणूस आणून ठेवला होता. उचलून नेता येत नव्हतं असं खोलीत एकच होतं, आणि ते खाटेवर बसून बरं आहे म्हणत होतं.

तिनं ओल्या फडक्यानं बोट पुसलं. फोन घेतला आणि मुलीला लावला. उद्यापर्यंत थांबू नकोस, आजच निघ, एवढंच सांगितलं. पलीकडून मुलीनं घाबरून विचारलं की बाबांना काही झालं का. मावशी म्हणाली, काही झालं नाही, ते समोर बसलेत. मग मुलीनं विचारलं, तयार झाले का ते?

"मी त्यांना विचारलेलं नाही," मावशी म्हणाली. "त्यांना विचारलं की ते बरं आहे म्हणतात. तू विचारू नकोस. तू घेऊन जा."

 मुलगी म्हणाली, तूही चल. मावशी म्हणाली, भिंत धुवायचीय, आणि या सगळ्यांना हलवायचंय, मग बघू. जावयाला म्हणावं मागच्या काचा खाली करून आण.

फोन ठेवून तिनं झडपा बाहेर ढकलल्या. ओलीनं लाकूड फुगलं होतं. एक झडप सहज गेली, दुसरी अडली. तिनं खांदा लावला. ती सुटली तेव्हा भिंतीवर आपटली आणि गल्लीतली दोन माणसं वळून बघू लागली. मग तिनं रंगाऱ्याला धरून उठवलं आणि गजांपाशी आणून बसवलं.

त्यानं दोन्ही हातांनी गज धरले. आधी तो नेहमीसारखाच, ओठ मिटून, नाकानं लहान लहान श्वास घेत राहिला. तिच्यासमोर तो कितीतरी महिने तसाच घेत होता. मग त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. आवाज आला. वाळलेल्या फांद्यांचा भारा फरशीवरून ओढत न्यावा तसा, आत जाताना वेगळा आणि बाहेर येताना वेगळा. मधे खोकला फुटला. तो त्यानं दाबला नाही. त्याच्या गळ्याच्या शिरा वर आल्या, बरगड्या सदऱ्यातून दिसल्या, ओठ निळसर होते. हे सगळं तो रोज ती यायच्या आधी आवरून ठेवत होता, पट्टी ओढून चीर झाकावी तसं.

शिंपीणबाई दुकानातून उठून उंबऱ्यावर आली होती. तिला आता अख्खा माणूस दिसत होता. तिनं पदर तोंडाशी नेला, आणि मग आत जाऊन मशीन आणि खुर्ची पूर्वी होती तशी खिडकीकडे फिरवून ठेवली.

तो श्वास ऐकवत नव्हता. मावशीला सारखं वाटत होतं की म्हणावं, अहो, हळू घ्या. ती म्हणाली नाही. ती बाजूला सरकून भिंतीला टेकली, म्हणजे खिडकीची सगळी रुंदी त्याला मिळाली, आणि तो आवाज शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली, गाडी येईपर्यंत.